आमच्या अभ्यासगटाला हजेरीपट नको

विद्या परिषदेचे सन्माननीय सदस्य आणि सर्व विभागप्रमुख यांस,

सादर नमस्कार.

गेल्या आठवड्यात सूचनाफलकावर एक परिपत्रक लागले. पुढच्या सेमिस्टरपासून पहिल्या वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला अभ्यासगटात सामील व्हावे लागेल. गट विभाग पाडून देईल, प्रत्येक गटावर एक समन्वयक प्राध्यापक असेल, आठवड्याला दोन तास, ७५ टक्के हजेरी, शेवटी अहवाल, आणि या सगळ्याचे मिळून दोन क्रेडिट. दुसऱ्या परिच्छेदात असेही म्हटले आहे की, ही योजना ‘आपल्याच विद्यार्थ्यांनी चालवलेल्या एका यशस्वी उपक्रमाच्या धर्तीवर’ आखली आहे.

तो उपक्रम म्हणजे आम्ही. गणिताच्या जुन्या खोलीत मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी सहाला जमणारी मंडळी.

पहिल्यांदा वाचले तेव्हा बरे वाटले, हे कबूल करते. तीन वर्षे आम्ही कुणाच्या खिजगणतीत नव्हतो. मग तेच परिपत्रक सावकाश पुन्हा वाचले आणि पोटात गोळा आला. जी गोष्ट तुम्हाला आवडली, ती ज्या कारणांमुळे चालते ती सगळी कारणे काढून टाकून उरलेली चौकट तुम्ही लागू करायला निघाला आहात. तुमच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण तुमच्यापैकी कुणी त्या खोलीत कधी येऊन बसलेले नाही, म्हणून आधी तिथे काय चालते ते सांगते.

आमचा एकच नियम आहे, तोही कुठे लिहिलेला नाही: ज्याला येत नाही त्याच्या हातात खडू. ज्याला येते तो बाकावर बसतो आणि प्रश्न विचारतो. पहिल्या दिवशी हे उलटे वाटते. शिकवणाऱ्याने फळ्यापाशी उभे राहायचे ही आपल्या अंगवळणी पडलेली गोष्ट आहे. पण खडू ज्याच्या हातात असतो त्याचे डोके पळते आणि बाकीच्यांच्या माना हलतात, हे वर्गात बसलेल्या कुणालाही ठाऊक आहे.

मागच्या सेमिस्टरमधली एक संध्याकाळ. पहिल्या वर्षाची एक मुलगी फळ्यापाशी उभी होती. विषय, सीमेची व्याख्या, म्हणजे क्ष एखाद्या आकड्याच्या जवळ नेला की उत्तर कशाच्या जवळ जाते ते नेमके सांगणे. ती तिला पाठ होती, घडाघडा म्हणूनही दाखवली तिने: प्रत्येक एप्सिलॉनसाठी असा एक डेल्टा अस्तित्वात असतो की, वगैरे. मग खडू खाली ठेवून म्हणाली, “पण आधी एप्सिलॉनच का? डेल्टा आपण आधी ठरवला तर काय बिघडतं?”

खोलीत चार जण तरी असे होते ज्यांना या विषयात नव्वदच्या वर गुण आहेत. त्यांनी समजावून सांगायचा प्रयत्न केला. प्रत्येकाने व्याख्याच पुन्हा सांगितली, फक्त जरा मोठ्या आवाजात. शेवटी दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा बोलला, जो आदल्या वर्षी याच ठिकाणी तीन आठवडे अडकला होता.

“समज, आपण खेळतोय. २क्ष + १ घे. क्ष तीनच्या जवळ न्यायचा, उत्तर सातच्या जवळ जायला हवं. मी म्हणतो, उत्तरात ०.१ पेक्षा जास्त चूक नको. हा माझा एप्सिलॉन. आता तू सांग, क्ष तीनपासून किती अंतरात ठेवू? तो तुझा डेल्टा.”

तिने फळ्यावर करून पाहिले. “०.०५.”

“बरं. मी आता हट्टाला पेटलो. ०.०१.”

“मग ०.००५.” थांबली. “अर्धा. तू काहीही दे, मी त्याचा अर्धा देणार.” आणि मग स्वतःच म्हणाली, “मी डेल्टा आधीच सांगून बसले असते, तर तू पुढच्या खेपेला आणखी लहान आकडा देऊन मला पाडलं असतं.”

इथवर कुणीही चांगला शिक्षक नेईल. गंमत पुढे झाली. तिने विचारले, “मग क्षच्या वर्गाला काय द्यायचं?” त्याने सांगितले की तिथे डेल्टा जागेवर ठरतो, तीनच्या जवळ एक आकडा, शंभरच्या जवळ त्याहून पुष्कळ लहान, कारण तिथे आलेख फार उभा चढतो. “मग सगळीकडे चालेल असा एकच डेल्टा नाहीच का सापडणार?” तो तोंड उघडून पुन्हा मिटला. हा त्याच्या स्वतःच्या वर्षाचा विषय, एकसमान सांतत्य, म्हणजे सगळीकडे एकच डेल्टा चालणे. त्याने त्याची परीक्षा चांगल्या गुणांनी दिली होती. त्या संध्याकाळी त्याला कळले की आपण फक्त शब्दांची अदलाबदल पाठ केली होती. ‘प्रत्येक’ आणि ‘एकच’ हे शब्द कोणत्या क्रमाने येतात यावर सगळी गोष्ट उभी आहे, हे पहिल्या वर्षाच्या मुलीच्या प्रश्नाने त्याला दाखवले. उत्तर तो शुक्रवारी घेऊन आला, सोबत १/क्षचे उदाहरणही.

या संध्याकाळचा अहवाल कसा लिहायचा, सांगा. ‘उपस्थिती ११. विषय: सीमा. निष्पत्ती: समाधानकारक.’

ज्यांना विषय उत्तम येतो त्यांना तो समजावता का येत नाही, याबद्दल १९९० मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन यांनी एक साधा प्रयोग केला होता. काहींनी ओळखीच्या गाण्याचा ताल टेबलावर बोटांनी वाजवायचा, समोरच्याने गाणे ओळखायचे. वाजवणाऱ्यांना वाटले, निम्मी तरी ओळखली जातील. १२० पैकी ३ ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या डोक्यात सबंध गाणे चालू असते. ऐकणाऱ्याला नुसती टकटक ऐकू येते. तुम्हाला उद्देशून कुचकेपणाने लिहीत नाही, पण पंचवीस वर्षे एकच विषय शिकवल्यावर डोक्यातले गाणे बंद करता येत नाही. दुसऱ्या वर्षाच्या मुलाला मात्र टकटक अजून आठवत असते. तो तुमच्यापेक्षा हुशार आहे असे नाही. तो रस्ता त्याने नुकताच तुडवला आहे, खड्डे कुठे आहेत ते पायांना ठाऊक आहे, एवढेच.

आता त्या परिपत्रकातल्या एका शब्दाविषयी, कारण मला सगळ्यात जास्त तो खुपला. ‘अभ्यासात कमकुवत विद्यार्थ्यांच्या उन्नतीसाठी.’

यूरी ट्रिझमन यांचे काम तुमच्यापैकी काहींना माहीत असेल. १९७० च्या दशकात बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात ते संशोधन करत होते. पहिल्या वर्षाच्या कॅल्क्युलसमध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थी मोठ्या प्रमाणात मागे पडत होते, चिनी वंशाचे विद्यार्थी पुढे जात होते. कारण काय असावे असे प्राध्यापकांना विचारले तेव्हा ठरलेली उत्तरे आली: जिद्द कमी, पाया कच्चा, घरून प्रोत्साहन नाही, परिस्थिती बेताची. ट्रिझमन यांनी दोन्ही गटांतले वीस-वीस विद्यार्थी घेतले आणि सुमारे दीड वर्ष ते प्रत्यक्षात अभ्यास कसा करतात हे पाहिले. वाचनालयात, खोल्यांवर, त्यांच्यामागे हिंडून.

प्राध्यापकांचे एकही कारण टिकले नाही. कृष्णवर्णीय विद्यार्थी मेहनती होते, घरच्यांचा आधार होता, त्यांच्यातल्या कित्येकांची शालेय तयारीही उत्तम होती. ‘वर्गातल्या एका तासामागे दोन तास अभ्यास करा’ असे सांगितले होते म्हणून ते इमानेइतबारे आठवड्याला आठ तास बसत. एकटे. अभ्यास एकीकडे, मित्रमंडळी दुसरीकडे. चिनी वंशाचे विद्यार्थी आठवड्याला चौदा तासांच्या आसपास बसत. आधी आठ-दहा तास तेही एकटेच, मग संध्याकाळी एकत्र. एकमेकांची उत्तरे तपासायची, जुने पेपर सोडवायचे, ज्या गणितावर सगळेच अडले ते बाजूला काढायचे. त्यामुळे आपण कुठे आहोत हे त्यांना कळत असे. एखादे गणित सुटले नाही तर ते गणितच अवघड आहे की आपलेच काही चुकते आहे, हे चौघांत बसल्यावर दहा मिनिटांत समजते. एकट्याला ते परीक्षेचा निकाल लागल्यावर समजते, तेही चुकीचे. त्याला वाटते, आपण या जागेच्या लायकीचे नाही.

या निरीक्षणावरून ट्रिझमन यांनी जे सुरू केले तेही लक्षात घ्या. त्यांनी कमकुवतांसाठी उजळणी वर्ग काढला नाही. ‘तुम्ही चांगले आहात, अवघड गणितांवर एकत्र काम करायला या’ असे सन्मानाचे निमंत्रण दिले आणि नेहमीच्या पेपरापेक्षा कठीण गणिते समोर ठेवली. मुले आली, टिकली आणि पुढे गेली. १९९२ मध्ये त्यांनी हे सगळे लिहून प्रसिद्ध केले, त्यानंतर ठिकठिकाणी त्याचे अनुकरण झाले.

मिसूरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी इथल्या शाखेत डियाना मार्टिन यांनी १९७३ मध्ये जी पूरक अध्यापनाची पद्धत उभी केली, तिचीही गोम हीच आहे. ती विषयाला धोकादायक म्हणते, विद्यार्थ्याला नाही. ज्या विषयात नापासांची संख्या मोठी, त्या विषयासाठी सत्रे ठेवायची आणि ती सगळ्यांना खुली. यायचे त्याने यावे. आदल्या वर्षी तो विषय चांगला केलेला विद्यार्थी सत्र घेतो, आणि त्यासाठी तो वर्गातली व्याख्यानेही पुन्हा बसून ऐकतो.

तुमच्या योजनेत मात्र पहिल्या चाचणीच्या गुणांवरून गट पाडायचे आहेत. आमच्या खोलीत येणाऱ्या कुणालाही विचारा, पहिल्या दिवशी पाऊल आत टाकायला काय लागते ते. दारावर ‘कमकुवत’ अशी पाटी लावल्यावर ते पाऊल कोण टाकेल? आणि सक्तीने टाकायला लावले तर तो मान खाली घालून येईल, सही करील, जाईल.

सक्तीबद्दल आणखी थोडे. गटात घातले म्हणजे गट होतो, हा समज सबमिशनच्या काळात रोज खोटा ठरतो. पाच जणांचे प्रोजेक्ट, एक रात्रभर जागतो, एक छपाईचे बघतो, आणि मुखपृष्ठावर पाच नावे. माक्स रिंगेलमान या फ्रेंच अभियंत्याने माणसांना दोर ओढायला लावून जोर मोजला होता. ती मोजमापे १९१३ मध्ये छापली गेली. माणसे वाढली तसा प्रत्येकाचा जोर कमी होत गेला. आठ जण एकदम ओढू लागले तेव्हा माणशी जोर निम्म्यावर आला होता. यातला काही भाग एकाच वेळी न ओढल्याचा. पण १९७९ मध्ये मानसशास्त्रज्ञ बिब लाताने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना टाळ्या वाजवायला आणि ओरडायला लावून दाखवले की माणसे गटात खरोखरच अंग चोरतात, विशेषतः आपला आवाज वेगळा ऐकू येत नसेल तेव्हा. सामायिक गुण दिले की नेमके हेच होते. आमच्या खोलीत कुणी अंग चोरत नाही, कारण चोरून मिळण्यासारखे तिथे काही नाही. गुण नाहीत, क्रेडिट नाही. दोन क्रेडिट ठेवलेत की चोरण्यासारखे काहीतरी तुम्हीच ठेवलेत.

आता आमचे दोष. खुले पत्र लिहायचे आणि स्वतःच्याच पाठीवर थाप मारायची, हे मला पटत नाही.

पहिला दोष असा की, आम्ही सगळ्यांसाठी खुले आहोत असे म्हणत आलो आणि दोन वर्षे तसे नव्हतो. जी मुले वसतिगृहात राहत तीच येत. घरी जायला दीड तास लागतो त्यांना सहाची वेळ जमत नव्हती, संध्याकाळी काम करणाऱ्यांना तर नाहीच. आमच्या ते लक्षातच आले नाही, कारण जे येत नाहीत ते तक्रार करायलाही येत नाहीत. एका मुलीने जिन्यात गाठून सरळ विचारले, “तुमच्यात यायला काय परीक्षा द्यावी लागते?” तेव्हा डोळे उघडले. आता एक बैठक दुपारच्या सुट्टीत होते. तरीही काही जण आजही दाराबाहेर आहेत, आणि इथे तुमची मदत आम्हाला खरोखर हवी आहे.

दुसरा दोष उत्तरे वाटण्याचा. कॅलिफोर्नियाच्या लॉस एंजेलिस इथल्या विद्यापीठात नोरीन वेब यांनी विद्यार्थ्यांच्या छोट्या गटांतले बोलणे वर्षानुवर्षे तपासले. समजावून सांगणाऱ्याला फायदा होतो, हे त्यातून पुन्हापुन्हा दिसले. पण ज्याने मदत मागितली आणि ज्याला नुसते उत्तर मिळाले, त्याला काहीच मिळत नाही, उलट नुकसानच. आमच्याकडे सबमिशनच्या आदल्या दिवशी गर्दी वाढते ती याच मंडळींची. त्यांना हाकलायचे नाही आणि उत्तरही द्यायचे नाही, हे जमायला वेळ लागतो. म्हणून तर खडूचा नियम. मोबाइलवरचा गट हा अभ्यासगट नव्हे, हेही जाता जाता सांगते. तिथे तीनशे सभासद आहेत आणि रात्री बारा वाजता सोडवलेल्या पानांचे फोटो फिरतात. हल्ली फोटोंचीही गरज उरली नाही, यंत्राला विचारले की ते अख्खे उत्तर लिहून देते. ‘हे मला कळलं नाही’ असे दुसऱ्याच्या तोंडावर म्हणायची वेळच त्यामुळे येत नाही.

तिसरा दोष सगळ्यात महागात पडला. एका परीक्षेच्या आधी आम्ही फळ्यावर ठामपणे लिहिले की सतत, म्हणजे कुठे न तुटणारे, प्रत्येक फल परिबद्ध असते, म्हणजे ठरावीक मर्यादेतच राहते. अंतराल बंदिस्त (दोन्ही टोके धरून) आणि मर्यादित हवा, ही अट गळली. तो शून्य ते एकमधला १/क्ष, जो शून्याजवळ हवा तितका वाढत जातो, आमच्यासमोर कित्येकदा येऊन गेला होता, तरी त्या दिवशी एकालाही आठवला नाही. सांगणारा इतक्या आत्मविश्वासाने सांगत होता की सगळ्यांनी वहीत उतरवून घेतले, मीही. परीक्षेत अकरा जणांनी तेच चुकीचे वाक्य जवळजवळ त्याच शब्दांत लिहिले.

पुढे काय झाले ते तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. अकरा जणांना कॉपीच्या संशयावरून बोलावले गेले. एकेकट्याला उभे करून विचारले गेले की कुणाचे पाहून लिहिले. ‘कुणाचंच नाही, आम्ही एकत्र अभ्यास करतो’ हे उत्तर तीन आठवडे कुणाला पटले नाही. शेवटी प्रकरण मिटले, पण त्या अकरांपैकी चार जण पुन्हा खोलीत आले नाहीत. त्यातला एक आमच्यात सगळ्यात चांगले प्रश्न विचारणारा होता.

चूक आमचीच होती, आणि तिच्यावर उपायही आम्ही शोधला. आता कुणी काही ‘नेहमी’ किंवा ‘प्रत्येक’ म्हणाले की दुसऱ्याने ते मोडणारे उदाहरण शोधलेच पाहिजे. आणि फळ्यावर जे झाले ते निघताना पुसायचे. फोटो नाही, उतरवून घेणे नाही. घरी जाऊन प्रत्येकाने आपापले कोऱ्या कागदावर लिहायचे. लिहिता आले तर कळले, नाही तर मंगळवारी पुन्हा. असाइनमेंटच्या शेवटी कुणाकुणाशी चर्चा केली त्यांची नावे लिहायची. इतकी साधी रेघ आहे ही: बोलणे एकत्र, लिहिणे एकट्याचे. पण ती विद्यापीठाच्या नियमावलीत कुठेच नाही. तिथे फक्त ‘अनधिकृत सहकार्य’ असा शब्द आहे आणि अधिकृत सहकार्य कशाला म्हणायचे ते तीन वर्षांत कुणी सांगितलेले नाही. दोन क्रेडिटांआधी ती एक ओळ घाला, एवढी विनंती आहे.

आणि सापेक्ष गुणांकन. वर्गातल्या वरच्या दहा टक्क्यांनाच सर्वोच्च श्रेणी, अशी पद्धत काही विषयांत अजून आहे. एका हाताने ‘सहकार्याची संस्कृती रुजवा’ म्हणायचे आणि दुसऱ्या हाताने शेजाऱ्याला समजावण्याची किंमत आपल्याच श्रेणीतून कापायची, हे दोन्ही कसे जमणार? आमच्यात एक मुलगा आहे, त्याने समजावलेल्या दोघी त्याच्या पुढे गेल्या आणि तो एका श्रेणीने खाली घसरला. तो अजूनही येतो. पण सगळ्यांनी त्याच्याइतके उदार असावे, अशी अपेक्षा धरून नियम करता येत नाहीत. श्रेणी कामगिरीवर ठरवा; अमुक इतके येत असेल तर अमुक श्रेणी, मग ती दहा जणांना मिळो नाहीतर साठ जणांना.

समाधानाची प्रश्नावली भरून घेऊन गटांचे मूल्यमापन करणार, असे परिपत्रकाच्या शेवटी आहे. त्याआधी हार्वर्डमधल्या भौतिकशास्त्राच्या वर्गांवरचा २०१९ चा अभ्यास पाहा. लुई देलोरिए आणि सहकाऱ्यांनी तोच धडा काही विद्यार्थ्यांना उत्तम व्याख्यानातून आणि काहींना स्वतः गटात सोडवायला लावून शिकवला. गटात झटापट केलेल्यांना चाचणीत जास्त गुण मिळाले. पण ‘आपण जास्त शिकलो’ असे व्याख्यान ऐकणाऱ्यांना वाटत होते. ऐकताना सगळे सोपे वाटते. स्वतः करताना आपले अज्ञान टोचत राहते. आमच्या खोलीतून बाहेर पडणारा निम्म्या वेळा वैतागलेला असतो. त्याच्या हातात प्रश्नावली दिलीत तर तो आम्हाला दहापैकी चार देईल आणि शुक्रवारी पुन्हा येईल.

एक भीती आहे, ती स्पष्टच मांडते. विद्यार्थीच विद्यार्थ्यांना शिकवतात हे पाहिले की खर्च वाचवण्याची कल्पना कुणाला तरी सुचतेच. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासच्या अनाथाश्रमात अँड्र्यू बेल यांनी मोठ्या मुलांकडून लहान मुलांना शिकवून घेतले, १७९७ मध्ये त्यावर लिहिले, आणि इंग्लंडमध्ये ती पद्धत एका शिक्षकात शेकडो मुले उरकण्याची स्वस्त युक्ती म्हणून फोफावली. त्यात समजणे कमी आणि घोकणे जास्त होते. आम्ही रिकाम्या पदांवरचा उपाय नाही. उलट आम्ही जमतो म्हणून तुमची गरज वाढते. फळ्यावर सगळे अडले की कुणाकडे तरी जावे लागते, आणि तेव्हा तुमच्या खोलीचे दार उघडे हवे. जो सीनियर नेमाने वेळ देतो, त्याला ग्रंथालयात किंवा प्रयोगशाळेत काम करणाऱ्या विद्यार्थ्याला मिळते तसे मानधन द्या. त्याला ‘सेवाभाव’ म्हणून वाऱ्यावर सोडू नका.

आणि विद्यार्थ्यांनी आपले शिकणे आपण चालवावे यात नवीन काहीच नाही, हेही सांगायला हवे. विद्यापीठासाठी जो लॅटिन शब्द आहे, त्याचा मूळ अर्थ इमारत किंवा अभ्यासक्रम असा नव्हता. तो संघासाठीचा शब्द होता, एकत्र आलेल्या माणसांचा. मध्ययुगात इटलीतल्या बोलोन्यामध्ये तो संघ विद्यार्थ्यांचा होता. ते शिक्षक नेमत, आणि शिक्षक उशिरा आला किंवा ठरलेला भाग वेळेत संपवला नाही तर दंड करत. तेवढे आम्हाला नको आहे. (अगदीच नको असेही नाही, पण ते पुन्हा कधीतरी.)

आम्हाला हवे आहे ते यापेक्षा फार थोडे आहे. रात्री दहापर्यंत उघडी राहील अशी एक खोली, तिला मोठा फळा, आणि किल्ली आमच्यापैकी कुणाकडे तरी. आता सुरक्षारक्षकाच्या मर्जीवर चालते. तो भला माणूस आहे, पण त्याची पाळी बदलली की आम्ही जिन्यात बसतो. गेल्या दहा वर्षांचे पेपर सगळ्यांना मिळतील असे ग्रंथालयात ठेवा, म्हणजे ज्याला सीनियरची ओळख आहे त्यालाच ते मिळतात हा प्रकार थांबेल. वेळापत्रकात आठवड्यातून एक दुपार सर्व वर्षांना एकाच वेळी मोकळी ठेवा. दीड तासावर राहणाऱ्यांचा प्रश्न त्याने बराच सुटेल आणि तो आम्हाला स्वतःहून सोडवता येत नाही. पहिल्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात आम्हाला प्रत्येक वर्गात दहा मिनिटे द्या, निमंत्रण द्यायला. चाचणी होण्याआधी, म्हणजे कोण कमकुवत हे अजून कुणालाच ठाऊक नसताना.

आणि कठीण प्रश्न द्या. ही मागणी तुम्हाला विचित्र वाटेल, पण आमची खरी टंचाई तीच आहे. पुस्तकातली गणिते एकट्यालाही सुटतात. त्यासाठी कोण कशाला जमेल? चौघांनी डोकी लावल्याशिवाय सुटणार नाहीत असे प्रश्न फक्त तुम्हीच काढू शकता. महिन्याला दोन काढून दाराखालून सरकवून द्या. उत्तर देऊ नका.

ज्या प्राध्यापकांना समन्वयक म्हणून नेमायचे ठरले आहे, त्यांनीही जरूर यावे. एका अध्यापिका गेल्या वर्षी दोनदा आल्या होत्या. शेवटच्या बाकावर बसल्या, एकदाही बोलल्या नाहीत. दुसऱ्या खेपेला आम्ही एका ठिकाणी पंधरा मिनिटे अडलो होतो आणि त्यांना उत्तर माहीत आहे हे सगळ्यांना कळत होते. कुणीतरी मागे वळून त्यांच्याकडे पाहिले. त्यांनी खांदे उडवले आणि खिडकीबाहेर पाहू लागल्या. आणखी वीस मिनिटांनी ते सुटले.

पुढच्या सेमिस्टरचे वेळापत्रक येत्या काही आठवड्यांत लागेल. त्याआधी परिपत्रकावर विचार व्हावा, आणि होणार असेल तर त्या बैठकीत आमच्यापैकी दोघांना बोलवावे. खोलीच्या किल्लीसाठीचा अर्ज याआधी दोनदा दिला आहे. तिसरी प्रत या पत्राला जोडली आहे.

आपली,
मंगळवार-शुक्रवारच्या अभ्यासगटातली एक विद्यार्थिनी